साइटखाली झाकलेलं नाव

टेबलावर एक एम-१ कार्बाइन ठेवली होती, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची आखूड, हलकी रायफल, आणि तिच्या शेजारी पत्र्याचा एक डबा. डब्यात कापडात गुंडाळलेले सुटे भाग. कार्बाइन इतकी नेटकी दिसत होती की हात लावायच्या आधीच मला शंका आली. जुन्या लष्करी शस्त्रांच्या संग्रहांची नोंद करणं हे माझं काम. त्या दिवशी पंधरा-वीस वस्तू नोंदवून निघायचं होतं, पण या एकीपाशीच संध्याकाळ झाली.

ज्यांचा संग्रह होता ते गृहस्थ वारले होते. त्यांचा मुलगा फार जिव्हाळ्याने बोलत होता. "बाबांनी ही अर्धवटच ठेवली होती. सगळे भाग वेगवेगळ्या कारखान्यांचे. मी दोन वर्षं खपून योग्य ते शोधले आणि बसवले. आता एक नळीच चुकीची उरलीय, तीही बदलून घेणार आहे."

मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं. रिकामं होतं. मग नळीकडे वळले. रिसीव्हरवर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या भागावर, नाव होतं नॅशनल पोस्टल मीटर, म्हणजे टपालाचा शिक्का मारणारी यंत्रं करणारी कंपनी. नळीवर, पुढच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या मागे, अंडरवुड. हे टाइपरायटरवाले. मुलाला हीच जोडी खटकत होती, आणि मला नेमकी तीच बरोबर वाटत होती.

अमेरिकी सैन्याने १९४१ मध्ये ही कार्बाइन स्वीकारली ती तोफची, चालक, संदेशवाहक अशांसाठी. सैनिकांची नेहमीची गॅरंड रायफल सव्वाचार किलोंच्या पुढे, तर ही रिकामी जेमतेम अडीच किलो. १९४५ पर्यंत साठ लाखांहून जास्त तयार झाल्या, आणि दहा मुख्य कंत्राटदारांत विंचेस्टर सोडलं तर बंदुकांचा पूर्वानुभव जवळजवळ कुणालाच नव्हता. त्यात ज्यूकबॉक्स करणारी रॉक-ओला होती, आयबीएम होती. कुठलाही भाग कुठल्याही कार्बाइनला बसला पाहिजे, ही पहिली अट. एकाकडे नळ्या कमी पडल्या की दुसऱ्याकडून यायच्या. नॅशनल पोस्टल मीटरच्या कितीतरी कार्बाइनी अंडरवुडची नळी घेऊनच कारखान्याबाहेर पडल्या.

"म्हणजे ही नळी मूळचीच?" त्याने विचारलं.

"मूळचीच दिसते. हिला हात लावू नका."

तो गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने डबा माझ्याकडे सरकवला. "मग हे बघा. हे मी काढलेले."

नळी आणि लाकडी दस्ता एकत्र धरणाऱ्या पुढच्या बँडचा स्क्रू सैल केला, बँड पुढे सरकवला, नळीवरचं लाकडी हँडगार्ड सोडवलं आणि नळी-रिसीव्हर दस्त्यातून उचललं. त्याने बसवलेली मागची साइट सुरुवातीच्या प्रकारची होती, दोन पात्यांची, पालटून अंतर बदलायची. डब्यात मात्र नंतरची होती, डावी-उजवीकडे सरकणारी, रुंद बैठकीची. संगीन अडकवायची सोय असलेला बँडही डब्यातच होता. गोल फिरणारी सेफ्टीही होती, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळ. सुरुवातीची सेफ्टी दाबायच्या बटणाची असे आणि मॅगझिन सोडायचं बटण तिला लागूनच. घाईत भलतंच बटण दाबलं जायचं आणि मॅगझिन खाली पडायचं, म्हणून ती बदलली. युद्धानंतर शस्त्रागारांनी लाखो जुन्या कार्बाइनी उघडून हे नवे भाग चढवले. संग्राहकांत अशा कार्बाइनीला मिक्समास्टर म्हणतात आणि बरेच जण नाकही मुरडतात. मला ते पटत नाही. तो बदलही त्याच सैन्याने, त्याच कामासाठी केलेला असतो.

पण डब्यातली साइट याच कार्बाइनीची, हे ठरवायचं कशावरून? भिंग लावलं. रिसीव्हरच्या मागच्या बाजूला गंज रोखणारा फॉस्फेटचा करडा थर हाताळून चकाकला होता, पण एक चौकोन तसाच मळकट, कोरडा राहिला होता. पालटायच्या साइटच्या मानाने तो फार मोठा. डब्यातली साइट मी वर नुसती धरली. कडेला कड लागली. एका कोपऱ्यात साइटची कड किंचित तुटलेली होती आणि चौकोनाचाही तोच कोपरा घासून उजळ झाला होता.

"बाबांची वही आहे का?"

त्याने आणली. पेन्सिलीने लिहिलेलं, बारीक अक्षर. या कार्बाइनीच्या नोंदीत क्रमांक पूर्ण होता, कारखान्याच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं: "नाव साइटखाली. टॉर्च तिरका धरून वाचलं." म्हणजे वडिलांच्या वेळी नाव झाकणारी रुंद साइटच वर होती. आता टेबलावर ते नाव टॉर्चशिवाय स्वच्छ वाचता येत होतं. मुलाने ती ओळ दोनदा वाचली. मग खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मीही काही बोलले नाही. त्याने जे केलं ते वडिलांवरच्या प्रेमापोटीच केलं होतं.

त्याने बदललेला जुना दस्ता माळ्यावर होता. त्याच्या बाजूला चौकटीत ठोकलेली दोन इंग्रजी अक्षरं होती, ए ए, म्हणजे ऑगस्टा शस्त्रागार. पट्टा जिथून जातो त्या खाचेत तेलाची कुपी बसते, तीच पट्ट्याला आडवी धरून ठेवते. कुपीने लाकूड घासून तिथे गुळगुळीत खळगा केला होता. मुलाने त्यात अंगठा टेकवला, म्हणाला, "लहानपणी ही कुपी काढून मी खेळायचो."

बँड आणि दस्ता मी त्याच्याच हाताने परत चढवून घेतला. साइट बसवली नाही. ती पक्की करायला पुन्हा पंचाने ठोकावी लागते आणि त्या धातूने आधीच दोनदा मार खाल्ला होता. ती पाकिटात घालून क्रमांकासह कार्बाइनीला बांधली. फिरत्या सेफ्ट्या डब्यात दोन निघाल्या, दोन्ही सारख्याच झिजलेल्या. कुठली हिची ते मला ठरवता आलं नाही, म्हणून दोन्ही त्याच पाकिटात टाकल्या आणि नोंदीत तसं लिहिलं.

निघताना पाहिलं, तो वडिलांच्या वहीतल्या त्या ओळीखाली पेन्सिलीने आजची तारीख घालत होता.