हानाओगीचे केस: रेष फुटायची थांबली एकदाची!

मंडळी, झालं! जपानी चित्रकार उतामारोच्या लाकडी ठशाच्या छापचित्राची, हानाओगी या गणिकेच्या, मी हाताने कॉपी करतेय. तिच्या कपाळावरच्या केसांपाशी घोडं किती दिवस अडलेलं ते तुम्हाला माहितीच आहे, तर काल रात्री डाव्या कानशिलापासून मधल्या भांगापर्यंतची सगळी ओळ एकही रेष न फुटता कागदावर उतरली. भिंगाखाली धरून किती वेळ बघत बसले होते मी!

आता कारण सांगते. गडबड शाईत नव्हतीच, कागदात होती. हा कोझोचा (तुतीच्या सालीच्या कागदाचा) गठ्ठा "दोसा लावलेला", म्हणजे शाई पसरू नये म्हणून सरस-तुरटीचं पाणी दिलेला, असा विकत मिळाला, पण कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला तर एका जागी मण्यासारखा उभा राहायचा आणि बोटभर अंतरावर लगेच आत जिरायचा. म्हणजे दोसाचा लेपच एकसारखा नाही, त्यात पावसाळ्याची दमट हवा. किमोनोच्या जाड रेषेला हे चालून जातं, पण केसाच्या रेषेला दोन्ही बाजूंनी मिशा फुटतात आणि दोन केस मिळून एक काळा डाग होतो.

मग विकतच्यावर विसंबायचं सोडलं आणि दोसा घरीच केला. सध्याचं माझं माप म्हणजे १ लिटर पाण्याला २० ग्रॅम निकावा (प्राणिज सरस) आणि ७ ग्रॅम तुरटी. निकावा रात्रभर भिजवायचा, सकाळी गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवायचा, उकळी अजिबात येऊ द्यायची नाही कारण उकळला की सरसाची पकडच जाते, आणि तुरटी खाली उतरवल्यावर घालायची. रुंद हाकेने (चपट्या ब्रशने) आधी एका बाजूला, वाळला की उलट्या बाजूला. तुरटी वाढवायचा मोह होतो पण वाढवू नका, कागद आम्लधर्मी होतो आणि काही वर्षांत कडक पडून तुटायला लागतो. लावल्या लावल्या रंगवायलाही घेऊ नका, चांगला मुरू द्या.

कागद सुधारल्यावर खरं काम सुरू झालं. १७९० च्या दशकातल्या या ओइरानांची (वरच्या दर्जाच्या गणिकांची) केशरचना म्हणजे तोरोबिन, कानांवरचे केस कंदिलासारखे बाहेर ताणलेले आणि इतके विरळ की त्यातून पलीकडचं दिसतं. हे मूळ ब्लॉकमध्ये कोरायचं काम वर्कशॉपमधल्या सगळ्यात मुरलेल्या कोरक्याकडे असायचं, तो फक्त चेहरा आणि केस करायचा, कपडे शिकाऊ पोरांकडे. बरेचदा चित्रकार केसांची नुसती बाहेरची रेघ द्यायचा आणि एकेक केस कोरक्याच्या हातातून यायचा. म्हणून मला वाटतं आपण हाताने कॉपी करतो तेव्हा उतामारोच्या ब्रशची नक्कल करून भागत नाही, कोरक्याची सुरी समजून घ्यावी लागते. सुरीची रेष मधे फुगत नाही, टोकाला मात्र सुईसारखी होते. ब्रश नेमका मधे फुगतो. त्यावर मला सापडलेला उपाय असा की मेन्सो (बारीक रेषांचा ब्रश) जवळजवळ उभा धरायचा, रेष काळ्या भागातून सुरू करून त्वचेकडे न्यायची आणि टेकवलेला हात न उचलता फक्त मनगट वर घ्यायचं. उलट दिशेने केलं की टोकाला गाठ येते.

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय. काही बारीक कामाच्या प्रिंट्समध्ये केसांना दोन ब्लॉक असतात, तर मीही दोन थर का करू नयेत? आधी पातळ करड्या सुमीचा (काजळीच्या शाईचा) थर, वर गडद केस. म्हणजे तोरोबिनचा पारदर्शक भाग करड्यानेच उभा राहील आणि मागच्या अभ्रकाचा प्रश्नही सुटेल! आधी ठरवलेलं की अभ्रकाची पार्श्वभूमी पूर्ण लावून वर केस काढायचे, पण अभ्रकावर सुमी धरत नाही, सुकली की पापुद्रा निघतो. आता केसांचा पूर्ण आकार झाकून अभ्रक फक्त बाहेर लावणार. प्लॅन बदलला, उद्याच तुकड्यावर टेस्ट करते.

अभ्रकावरून आठवलं, रेझिन आर्टवाली मायका पावडर यासाठी घेऊ नका. तिच्यावर टायटॅनियमचा लेप असतो, ती मोत्यासारखी चमकते, तर उतामारोची पार्श्वभूमी चंदेरी आणि शांत असते, कागद तिरका केला तरच उजळते. साधं दळलेलं पांढरं अभ्रक निकाव्यात कालवलेलं बरं. शाईचंही तेच, बाटलीतल्या लाखमिश्रित शाईत करडा थर स्वच्छ येत नाही, कांडी उगाळाच.

कुणीतरी विचारलेलं की चित्र मोठं करून केसांना जागा का देत नाहीस. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये जपानी चित्रकार एइसेनची ओइरान मासिकाच्या मुखपृष्ठावरून चौकोन आखून मोठी केली आणि तैलरंगात ती फार सुंदर झाली, पण त्याला रंग हवा होता. मला हे केस हवेत, ते ओबान या छापचित्राच्या मापात, साधारण ३९ बाय २६ सेंटिमीटरमध्येच खरे वाटतात.

रंगांसाठी बोस्टनच्या म्युझियममधल्या स्पॉल्डिंग संग्रहातल्या उतामारोंचे स्कॅन समोर ठेवलेत. १९२१ मध्ये तो संग्रह देताना कधीच प्रदर्शनात मांडायचा नाही अशी अट होती, त्यामुळे बेनीचा (करडईच्या फुलांचा) गुलाबी आणि त्सुयुकुसाचा (एका रानफुलाचा) निळा अजून शाबूत आहेत, एरवी हा निळा उजेडाने उडून मातकट होतो. मी ताजे रंगच करणार, जांभळा धरून. बाहीचा जांभळा मिसळून बघायला घेतलाय, करडा थर वाळला की दोन्हींचे फोटो टाकते.