तुम्ही विचारलंत म्हणून: बोन्सायच्या थ्रीडी फोटोसाठी कॅमेरा किती सरकवायचा?

डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन फोटो काढताना कॅमेरा किती सरकवायचा, हे वारंवार विचारलं जातं. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असतं, म्हणून तेवढाच सरकवावा असं अनेकांना वाटतं. बोन्सायला ते चालत नाही.

कॅमेऱ्यापासून सर्वांत जवळच्या फांदीचं अंतर मोजा आणि तिसाने भागा. फांदी ६० सेंटिमीटरवर असेल तर २ सेंटिमीटर. तिथे ६५ मिलिमीटर सरकवलंत तर पुढची फांदी एकाच्या दोन दिसते, डोळ्यांवर ताण येतो आणि झाड आहे तेवढंच, छोटं वाटतं. सरकवण्याचं अंतर घटवलं की झाड मोठं भासतं. १ सेंटिमीटर ठेवलंत तर ५० सेंटिमीटरचं झाड सव्वातीन मीटरचं वाटू शकतं. उठाव, म्हणजे खोलीचा भास, कमी होतो, पण होऊ द्या. कुंडीतलं झाड डोंगरावरच्या जुन्या वृक्षासारखं दिसावं यासाठीच तर बोन्साय घडवणारा वर्षानुवर्षं राबतो.

बोन्सायला दर्शनी बाजू असते आणि शेंडा सहसा बघणाऱ्याकडे किंचित झुकवलेला असतो. साध्या फोटोत हा झुकाव पार हरवतो. शिम्पाकू जुनिपर या बोन्सायसाठी वापरल्या जाणाऱ्या सदाहरित झाडाच्या खोडावर वाळलेल्या पांढऱ्या लाकडाला जिवंत सालीची पट्टी कशी वळसा घालून वर जाते, तेही जोडफोटोतच नीट उमगतं.

कॅमेरा मिलिमीटरच्या खुणा असलेल्या सरकपट्टीवर बसवा. तो समांतर सरकवा, झाडाकडे वळवू नका; वळवला की कडेच्या फांद्या दोन्ही फोटोंत वेगवेगळ्या उंचीवर येतात. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर एफ/११ ते एफ/१६. वारा पूर्ण थांबल्याशिवाय दुसरा फोटो घेऊ नका, कारण हललेलं एक पान चित्राबाहेर तरंगताना दिसतं. पुढे आलेली फांदी डाव्या-उजव्या कडेला कापली जाणार नाही हेही बघा. दोन फोटोंच्या जुळवणीसाठी मासुजी सुतो यांचं स्टिरिओफोटो मेकर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि पुरेसं आहे.

बागेचं गणित वेगळं. क्योटोच्या एन्त्सू-जी मंदिराची बाग मागचा हिएई डोंगर आपल्या चित्रात ओढून घेते. डोंगराला उठाव यावा म्हणून कॅमेरा अर्धा-एक मीटर सरकवायचा मोह होतो. तो टाळा. पुढचे दगड आणि कुंपण जुळेनासे होतात आणि सगळी बाग टेबलावरच्या प्रतिकृतीसारखी दिसते. जवळचा दगड २ मीटरवर असेल तर ६५ मिलिमीटरच योग्य. डोंगर सपाट राहिला तरी बिघडत नाही, तेवढ्या लांबून नुसत्या डोळ्यांनाही तो सपाटच दिसतो. अनेक मंदिरांत ट्रायपॉड लावू देत नाहीत, तेव्हा वजन डाव्या पायावरून उजव्या पायावर टाकून दोन फोटो घ्या. तळं असेल तर मात्र हा उपाय फसतो: लाटा आणि कोई मासे दोन्ही फोटोंत सारखे येत नाहीत. तिथे एकाच क्षणी क्लिक होणारे दोन कॅमेरे हवेत.