तुमसरकडच्या नाल्यात गार्नेट शोधायला गेलो त्याचा वृत्तांत, आणि चाळण्यांचा सगळा हिशोब

जानेवारीत आम्ही तिघं दोस्त नागपूरहून भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरकडे गेलो होतो, नाल्याच्या रेतीत खडे शोधायला. सोनं सापडलं का हे घरी आल्यापासून वीस जणांनी विचारून झालं म्हणून आधीच सांगतो, नाही सापडलं. एक कण लय चमकला, हात थरथरले, आणि तो अभ्रक निघाला. पण गार्नेट, म्हणजे लाल खडे, मिळाले, मुगाएवढे बावीस आणि वाटाण्याएवढा एक, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

तुमसरच का, तर तो पट्टा काळ्या बेसाल्टचा नाही, त्याच्यापेक्षा खूप जुन्या, दाबात-उष्णतेत बदललेल्या खडकांचा आहे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी त्याच खडकातल्या, आणि अशा अभ्रकवाल्या खडकात गार्नेट असतात. यवतमाळ-अमरावतीकडे जात असाल तर तिथे अकीक आणि गारगोट्या, त्याला चाळणी लागत नाही, ऊन तिरपं असताना नदीकाठी खाली मान घालून चालायचं बस. आमच्यातल्या एकाला गडचिरोलीकडच्या वैरागडला जायचं होतं कारण तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे, आम्ही म्हटलं बाप्पा अकबराच्या माणसांनी काही ठेवलं असेल का आपल्यासाठी.

जायचं सोपं आहे. नागपूर-भंडारा साधारण ६० किलोमीटर, पुढे तुमसर, रेल्वेने गेलात तर तुमसर रोड स्टेशन. दोस्ताच्या मामाचं गाव जवळ होतं म्हणून राहायची-जेवायची चिंता नव्हती.

आता चाळण्या. पहिला सेट मी घरून सुताराकडून करून नेला होता, सागाच्या पट्ट्यांची चौकोनी फ्रेम, खाली खिळे ठोकून खिडकीची मच्छर जाळी. दिसायला एकदम झकास. पहिलं घमेलं ओतलं, जाळीला पोट आलं, तिसऱ्याला फाटली. उरलेली एक अर्धा इंची वेल्डमेशची, म्हणजे वेल्ड केलेल्या तारांच्या जाळीची, होती ती टिकली पण तिच्या कापलेल्या तारांनी माझा अंगठा फाडला. तारांची टोकं वरून पट्टी मारून झाकल्याशिवाय नदीवर जाऊ नका.

मग मामा म्हणाले तुमसरला राईस मिलचं भंगार पाहा. धानाचा मुलूख आहे, मिलच्या जुन्या छिद्राच्या पत्र्याच्या चाळण्या भंगारवाल्याकडे पडून असतात, वजनावर मिळतात, आणि पत्रा असल्यामुळे पोट येत नाही. आम्ही गोल छिद्राचे दोन पत्रे घेतले, एक ५ मिलिमीटरचा आणि एक २ चा. पेंटच्या २० लिटरच्या तीन रिकाम्या बादल्या घेतल्या, बुडापासून पाच इंचावर कापल्या, आणि बूड मधून असं कापलं की कडेला इंचभर ओठ राहिला. त्या ओठावर गोल कापलेला पत्रा ठेवून वायसरसकट पॉप रिवेट मारले, खिळे नाही, खिळे प्लास्टिकमध्ये सैल होतात. तिसरीत ती अर्धा इंची वेल्डमेश बसवली. बादल्या खाली निमुळत्या असल्यामुळे एकात एक घुसून बसतात आणि मधे जागाच राहत नाही, म्हणून प्रत्येकीला बाहेरून वरच्या बाजूला तीन लाकडी ठोकळे स्क्रू केले, ते खालच्या बादलीच्या काठावर टेकतात. वर अर्धा इंची, मधे ५, खाली २.

एवढी साइजची कटकट कशाला हे आधी मलाही कळलं नव्हतं. साध्या रेतीतली गार (क्वार्ट्झ) ही पाण्याच्या २.६५ पट जड, गार्नेट साधारण चार पट, फरक फार नाही. त्यामुळे गारेचा मोठा खडा आणि गार्नेटचा छोटा खडा पाण्यात सारखेच वागतात. एकाच मापाचे दाणे असतील तरच जड-हलकं वेगळं होतं. सोन्याचं बरं, ते १९.३ पट, ते चुका माफ करतं.

चाळण्या झाल्या तरी पहिल्या दिवशी हाती काही लागलं नाही. चाळणी पाण्यात धरून तासन् तास हलवत होतो. दुपारी मामी डबा घेऊन आल्या, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे पोट्टेहो, नुसतं हालवून काय रायले, तांदूळ घोळता येत नाई का तुमाले?" आणि साडीचा पदर खोचून बसल्याच. चाळणी पाण्यात अर्धी बुडवून वर-खाली छोटे झटके, मधेच अर्धा गोल फिरवणं, पुन्हा झटके. सुपात खडे एका जागी गोळा करतात तेच. दोन-तीन मिनिटांनी पोत्यावर एका दमात पालथी घातली, तर जड माल जो तळाशी मधोमध जमला होता तो आता वर, काळसर गोल ठिपका, आणि त्यात चार लाल दाणे. आम्ही तिघं इंजिनियर गप्प. चौकोनी फ्रेम टिकली असती तरी हे जमलं नसतं, जड माल कोपऱ्यात अडकून राहतो, म्हणून चाळणी गोलच करा.

लाल दिसलं की गार्नेट समजू नका, विटेचे तुकडे लय असतात. ओला खडा उन्हाकडे धरा, आरपार लाल दिसला पाहिजे. आणि चांगला जोरदार निओडिमियम मॅग्नेट ठेवा, गार्नेट पाण्यावर तरंगणाऱ्या थर्माकोलवर ठेवला तर हळूच ओढला जातो.

२ मिलिमीटरच्या खालचं आम्ही परातीत धुतलं, शेवटी काळी रेती उरली, बस. सोनझारी लोक पिढ्यान् पिढ्या सराफा ओळीतली माती लाकडी पात्रात धुऊन सोनं काढतात, तो हात आपल्याकडे दोन दिवसांत येणार नाही.

एक महत्त्वाचं. घमेली-फावडं पाहून गावातले दोघं गाडी आडवी लावून उभे राहिले, रेती चोर समजले. मामा नसते तर अवघड होतं. आधी गावात सांगून जा, खड्डे बुजवा, रेती घरी आणू नका, जंगलाच्या हद्दीत शिरू नका. सोनं-हिरे हा १९५७ च्या खाण-खनिज कायद्यातला विषय आहे, परवानगीशिवाय काढायचा धंदा करता येत नाही. पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की जा, डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि नाल्याच्या वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडांच्या मागे खणा.

२ मिलिमीटरची चाळणी परत आणली नाही. मामींना कनकी चाळायला ती आवडली, आणि मागायची हिंमत तिघांपैकी एकालाही झाली नाही.