बारांत एक नर

आमच्या घरी तुडतुडा म्हणजे शिवी. मोहोर आला की बाबा सकाळी सकाळी आंब्याच्या फांद्या झटकून बघतात आणि चारदोन उडाले तरी दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत. त्याच तुडतुड्यांवर मी पीएच.डी. करतेय, हे त्यांनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

तो दिवस ऑगस्टमधला. रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गवतात जाळी मारून आणलेले बारा तुडतुडे समोर होते, कार्डाच्या त्रिकोणी टोकांवर चिकटवलेले. जेमतेम 4 मिलिमीटर, रंग वाळक्या गवताचा. मागच्या तंगड्यांवर काट्यांच्या रांगा, म्हणजे तुडतुडाच. पुढचं मात्र रंगावरून सांगता येत नाही. डिस्टंट नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याकडचे कितीतरी तुडतुडे रंग-ठिपक्यांवर वर्णिले, नि नंतरच्यांना लंडनच्या संग्रहालयातले ते मूळ नमुने पुन्हा तपासत बसावं लागलं. जात ठरते ती नराच्या जननेंद्रियावरून. माझ्या बारांत अकरा माद्या!

त्या एकुलत्या नराचं पोट सुईने सोडवलं, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केलं. आतलं मांस विरघळतं, कवच तेवढं उरतं. धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेवलं, नि सूक्ष्मदर्शकाखाली लिंगाचा वाकडा दांडा दिसला. टोकाला दोन काटे, एकमेकांवर फुली मारल्यासारखे. या प्रजातीतल्या सगळ्या जातींची चित्रं मला पाठ होती. कुणाचे काटे खाली वळलेले, कुणाला काटेच नाहीत. फुली कुणाचीच नव्हती.

सरांना बोलवायला उठले आणि कोपर लागून काचपट्टी उलटली.

सर आत आले ते "आधी पंखा बंद कर" म्हणतच. मग निवृत्तीला आलेला तो माणूस गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात फरशी धुंडाळू लागला. शोधत होतो अर्ध्या मिलिमीटरचं काहीतरी. तासाभराने सापडलं माझ्याच बाहीवर, ग्लिसरीनला चिकटलेलं.

"आता चित्र काढ," सर म्हणाले. "नाचायचं ते नंतर."

रात्री बाबांना फोन केला.

"नवीन म्हणजे? आणखी एक?" ते म्हणाले. "त्याच्यावर फवारायचं काय?"

"गवतावरचा आहे हो, बाबा."

"मग राहू दे त्याला."

नाव ठरलंय, पण इथे सांगणार नाही. वर्णन छापून येण्याआधी फिरू लागलेल्या नावाला आमच्यात 'नागडं नाव' म्हणतात. नियमात ते धरत नाहीत.

नराच्या टाचणीला आता लाल चिठ्ठी आहे, होलोटाइप म्हणून, म्हणजे जातीचं नाव ज्याच्याशी बांधलं जातं तो एकमेव नमुना, आणि त्याच टाचणीवर इवल्याशा कुपीत त्याचं पोट. माद्या शेजारच्या रांगेत आहेत. एकाच गवतात सापडल्या म्हणून त्या त्याच्याच जातीच्या, असं सर लिहू देत नाहीत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर गाव, तारीख आणि गोळा करणारी म्हणून माझं नाव, एवढंच.