दूधपितं पिल्लू आणि नायट्रोजनचा चकवा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जुन्या वस्त्यांनी टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग आहेत. शिंपल्यांतल्या चुन्यामुळे माती आंबट होत नाही, म्हणून त्यांत नॉर्दर्न फर सील या समुद्री सस्तन प्राण्याची हाडं शाबूत राहतात. सीलने काय खाल्लं आणि कुठल्या पाण्यात, हे हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनात कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ हे जड अणू किती आहेत, त्यावरून कळतं. पण कोलॅजेन स्वच्छ हवं.

साधारण अर्धा ग्रॅम तुकडा घेऊन वरचा थर घासून काढायचा. मग खनिज विरघळवायला ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, तेही थंडीत, ४ अंशांवर. घाई करून गरम केलंत तर खनिजाबरोबर कोलॅजेनही वाहून जातं. रोज अ‍ॅसिड बदलत राहा. काही दिवसांत तुकडा रबरासारखा लवचिक आणि अर्धपारदर्शक होतो. सीलचं हाड तेलकट, त्यामुळे क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची (२:१) धुणी टाळू नये. चरबीत कार्बन-१३ कमी असतो. ती राहिली तर कार्बन-१३ चा आकडा खाली ओढला जातो. शेवटी कार्बन-नायट्रोजन अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं, तर नमुना सरळ बाद.

खरी फसगत याच्या पुढे होते. अन्नसाखळीत एक पायरी चढलं की नायट्रोजन-१५ हजारी ३ ते ४ ने वाढतो. दूधपितं पिल्लू तर आईचंच शरीर खात असतं, म्हणजे तेही वरच्या पायरीवर दिसतं. पिल्लांची आणि मोठ्यांची हाडं एकत्र मोजली, तर समुद्र बदलल्याचा भास होतो. म्हणून हाडाची टोकं जुळली आहेत का (मोठ्यांची जुळलेली असतात, पिल्लांची सुटी) ते आधी बघायचं. एकच प्राणी दोनदा मोजला जाऊ नये, यासाठी फक्त डावीकडचं एक ठरावीक हाड घ्यायचं.

हाच चकवा पुढे शोध ठरला. आज उत्तरेकडे अलास्काजवळच्या प्रिबिलॉफ बेटांवर पिल्लांचं दूध चौथ्या महिन्याच्या सुमारास सुटतं. कॅलिफोर्नियातल्या जुन्या पिल्लांच्या हाडांत मात्र दुधाची खूण (वाढलेला नायट्रोजन-१५) वर्षाच्या आसपासही दिसते, आणि काही पिल्लं तर इतकी लहान आहेत की उत्तरेतून पोहून आलेली असणं शक्य नाही. म्हणजे सील तिथेच वीत होते.

आजच्या हाडांशी तुलना करताना कोळसा-तेलाच्या धुराचा हिशेब लावावा लागतो. त्या धुराने गेल्या दीडशे वर्षांत समुद्रातला कार्बन-१३ घटवला आहे, तोही प्रत्येक समुद्रात सारखा नाही. सीलचा आहार बदलला की समुद्रातल्या अन्नसाखळीचा पायाच, हे वेगळं काढायचं तर कोलॅजेन ज्यांचं बनतं ती अमिनो आम्लं सुटी मोजा: फेनिलअ‍ॅलनिन पायाचा आकडा सांगतं, ग्लुटामिक आम्ल पायरीचा. त्यासाठी थोडं कोलॅजेन आधीच बाजूला ठेवा. सगळं संपवून टाकलं तर हाड पुन्हा कापावं लागतं.