शून्यावर चार, आणि आमच्या सांगलीचे हजारे

मी मूळची सांगलीची, नर्सिंग मिरजेला झालं, आणि २०२३ पासून इकडे इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या कीथली गावात केअररचं काम करते. म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, उठवायचं, अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, खाऊ घालायचं, सगळं फोनमधल्या अ‍ॅपवर नोंदवायचं आणि पुढच्या कॉलला पळायचं. बहुतेक कॉल अर्ध्या तासाचा असतो, अर्ध्या तासात माणूस काय कळणार. पण ज्या आजोबांबद्दल लिहितेय त्यांच्याकडे मी दीड वर्ष जातेय, सकाळ-संध्याकाळ. वय ८३, बायको वारली, मुलगी कॅनडात, गुडघे गेलेले, व्हीलचेअर. नाव इथं लिहीत नाही. इकडे सगळे पेशंटला नावाने हाक मारतात, पण मला वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला नुसत्या नावाने बोलवायला जड जातं, मी सर म्हणते. मनात मात्र आजोबाच.

२४ जून २०२५ ची गोष्ट आहे. लीड्सला हेडिंग्लेवर भारत-इंग्लंड टेस्टचा पाचवा दिवस. त्यांच्या मुलीने व्हीलचेअरच्या जागेचं तिकीट काढून ठेवलं होतं, सोबत केअरर म्हणून मी, आणि दिवसभराचे माझे तास तिनेच भरले. महिनाभर आधीपासून आजोबा कॅलेंडरवर रोज खूण करत होते. मी आदल्या रात्री घाबरत घाबरत विचारलं, सर मी आतून भारताचा निळा टीशर्ट घातला तर चालेल का, वर जॅकेट असेल. ते म्हणाले, जॅकेट कशाला, वरून घाल.

मुलीचं म्हणणं होतं टॅक्सीने जा, पण हे ट्रेनसाठी हटून बसले. कीथली स्टेशनवर एका बाजूला लीड्सची नेहमीची लाईन आणि दुसऱ्या बाजूला वाफेच्या इंजिनाची जुनी वर्थ व्हॅली लाईन आहे. ती सरकारने साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंद केली होती, मग गावातल्या लोकांनी पैसे जमवून, स्वतः राबून १९६८ ला परत चालू केली, आणि आजोबा त्यात तरुणपणी रविवारी रूळ साफ करायला जायचे. रॅम्प लावून गाडीत बसेपर्यंत ते तिकडेच बघत होते. म्हणाले, आम्ही सगळंच बंद करत गेलो गं, रेल्वे, गिरण्या, खाणी, ही एक लाईन तेवढी हातात धरून ठेवली. सॉल्टेअर आलं तेव्हा खिडकीतून ती मोठी सॉल्ट्स मिल दाखवली, १८५३ ची, लोकरीची, १९८६ ला बंद झाली. मी सांगितलं आमच्याकडे मुंबईच्या गिरण्या पण अशाच गेल्या, तर म्हणाले माहिती आहे, मी गेलोय ना तिकडे.

ते लोकरीच्या मशीनचे फिटर होते. १९७१ ला ठाण्याच्या एका गिरणीत मशीन बसवायला कंपनीने चार महिने पाठवलेलं. आणि नेमकं त्याच ऑगस्टमध्ये ओव्हलला वाडेकरांच्या टीमने इंग्लंडला हरवलं, चंद्रशेखरने ३८ रन्समध्ये ६ काढले. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, तिकडे ओव्हलवर प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण फिरवली लोकांनी, आणि इकडे ठाण्यात एका फोरमनच्या घरी आजोबा मोदक खात रेडिओ ऐकत होते. आख्ख्या चाळीत हरलेला एकटा मी होतो, म्हणाले, आणि सगळ्यात जास्त मोदक मलाच वाढले.

मग विषय निघाला त्या क्रिकेटच्या परीक्षेचा. मला कोणीतरी कामावर सांगितलं होतं की इथे नॉर्मन टेबिट नावाचे एक माजी मंत्री होते, त्यांनी १९९० ला म्हटलेलं की बाहेरून आलेली माणसं इथली झाली की नाही ते बघायचं तर मॅचला कुठल्या टीमच्या बाजूने ओरडतात ते बघा. मी विचारलं तुम्हाला काय वाटतं. आजोबा बराच वेळ गप्प. मग भावाचं सांगितलं. थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा, सैन्यातली सक्तीची नोकरी सायप्रसला करून आला, आणि १९६४ ला बायको-पोरांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. तेव्हा ऑस्ट्रेलियाला गोरी माणसं पाहिजे होती, ब्रिटिश माणसाला दहा पौंडात जहाजाने नेत होते. अ‍ॅडलेडला घर केलं, पन्नास वर्षं राहिला, तिथेच गेला, आणि शेवटच्या अ‍ॅशेसपर्यंत, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट सिरीजपर्यंत, इंग्लंडच्या बाजूने ओरडला. त्याला कोणी विचारलं नाही की तू नक्की कोणाचा. नातवंडं ऑस्ट्रेलियाची पिवळी टोपी घालायची आणि हा त्यांच्याशी भांडायचा. त्याच्या परीक्षेचे पेपर कोणी तपासले नाहीत बघ, म्हणाले.

आणि एकदम, माझ्याकडे न बघता, म्हणाले की मी २०१६ ला युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं, तुला माहीत असावं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सहा आठवड्यांपूर्वीच, १२ मे ला, सरकारने जाहीर केलेलं की परदेशातून नवीन केअरर आणणं बंद, आणि कायम राहण्याची परवानगी पाचऐवजी दहा वर्षांनी द्यायचा विचार आहे. पंतप्रधान भाषणात म्हणाले देश अनोळखी लोकांचं बेट व्हायचा धोका आहे. त्या दिवशी मी सकाळी सहापासून चार घरी जाऊन चार माणसांच्या पाठी धुतल्या होत्या आणि रात्री ते वाक्य ऐकलं. मी आजोबांना सरळ बोलले की सर, मला ते लागलं. ते म्हणाले, मलाही. मी गावच्या गिरण्यांसाठी दिलं होतं मत, लंडनला कळावं म्हणून की आम्ही अजून जिवंत आहोत. मी म्हणलं पण त्याने गिरणी परत आली नाही ना. नाही आली, म्हणाले. तोवर लीड्स आलं, रॅम्पवाला आला, ते बोलणं तिथंच राहिलं.

ग्राउंडवर बसल्यावर मात्र माणूस दहा वर्षांनी लहान झाला. इंग्लंडला ३७१ पाहिजे होते, आदल्या दिवशी बिनबाद २१. सकाळभर आपल्याला विकेटच नाही. क्रॉली आणि डकेट खेळतायत, खेळतायत. ९७ वर डकेटचा कॅच आपल्या यशस्वीने सोडला तेव्हा मी कपाळावर हात मारला आणि आजोबांनी काही न बोलता मला पेपरमिंटची गोळी दिली. मग पाऊस आला. मी त्यांच्या पायावर प्लास्टिक टाकलं, थर्मासमधला चहा दिला, रक्त पातळ करायची गोळी झाली का ते तपासलं, आणि गोळीवरून त्यांना आठवलं.

१९५२. जूनची ७ तारीख, शनिवार. ते दहा वर्षांचे. गोड गोळ्या तेव्हा अजून रेशनवर होत्या, वडिलांनी कूपनं साठवून पावशेर पेपरमिंट घेतलेली. बसने लीड्स, तिथून ट्रामने हेडिंग्ले. वडील गिरणीत कामाला, आणि त्यांना तो दिवस वेगळ्याच गोष्टीसाठी बघायचा होता, कारण इंग्लंडचा कॅप्टन पहिल्यांदाच लेन हटन होता, शेजारच्या पड्सीचा, आणि खेळायचे पैसे घेणारा. तोपर्यंत कॅप्टन व्हायचा तो पैसे न घेणारा, मोठ्या घरचा जंटलमन. पैसे घेणारे ते प्लेयर्स, कितीतरी मैदानांवर त्यांचं गेटसुद्धा वेगळं. तो भेद १९६२ पर्यंत कागदावर होता. आजोबा म्हणाले, माझे वडील हटनला टाळ्या वाजवत नव्हते, त्या दोन गेटांच्या विरुद्ध वाजवत होते.

आणि भारताची दुसरी इनिंग सुरू झाली. फ्रेड ट्रूमन, खाणकामगाराचा पोरगा, पहिलीच टेस्ट, हवाई दलातून सुट्टी घेऊन आलेला. पंकज रॉय गेला, दुसऱ्या बाजूने बेडसरने गायकवाडला काढलं, मग ट्रूमनने लागोपाठ दोन बॉलवर माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. बोर्डावर शून्य रन, चार विकेट. आख्खं ग्राउंड वेडं झालेलं, आजोबा बाकावर उभे राहून ओरडतायत. आणि त्या आवाजात एक माणूस हळू चालत येत होता, पुढचा बॉल हॅटट्रिकचा. आजोबा म्हणाले, मला एकदम वाटलं की ह्याला एकट्याला हे सगळं ऐकावं लागतंय, आणि मी ओरडायचा थांबलो. तो बॉल त्याने खेळून काढला. हजारे नाव होतं त्याचं.

सर, म्हणलं, हजारे आमच्या सांगलीचे.

त्यांनी मान वळवून बघितलं माझ्याकडे. कुठलं गाव म्हणालीस? सांगली. जन्म सांगलीचाच. आमच्याकडे आता पोरांना विजय हजारे म्हणजे ट्रॉफीचं नाव वाटतं, पण माझ्या बाबांना सगळं पाठ आहे. आजोबा नुसते हं हं करत राहिले, मग म्हणाले, दीड वर्ष तू माझे मोजे घालतेस आणि मी तुला तुझ्या गावाचं नाव नीट विचारलं नाही.

पाऊस थांबला. प्रसिधने क्रॉलीला काढलं, पोपला काढलं, पण डकेट सुटलेलाच होता. २५३ झाले आणि शार्दूल आला बॉलिंगला, आपला पालघरचा. डकेट १४९ वर कव्हरला कॅच. लगेच पुढच्या बॉलला ब्रूक, लेगला बारीक टच, पंतने पकडला, पहिल्याच बॉलवर शून्य! मी उभी राहून काय ओरडले ते माझं मला माहीत नाही, मराठीतच ओरडले, आणि दोन सेकंदांनी आठवलं की हॅरी ब्रूक कीथलीला जन्मलेला आहे. आजोबांच्या गावचा. सगळा स्टँड गप्प आणि मी एकटी निळ्या टीशर्टात उभी, व्हीलचेअरच्या शेजारी. मी पटकन खाली बसले, सॉरी सर म्हणाले.

त्यांनी माझं मनगट धरलं. सॉरी कशाला? उठ. हॅटट्रिकचा बॉल आहे, हा बसून बघायचा नसतो. मला उठता येत नाही, तू उभी राहा.

मग मी उभी राहिले. स्टोक्स समोर. माझं मनगट त्यांच्या हातात, त्यांचा हात थरथरत होता, मला नाडी लागत होती त्यांची, सवयीने मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. शार्दूल धावत आला. स्टोक्स वाचला. आजोबांनी श्वास सोडला आणि म्हणाले, अगदी हाच आवाज होता, एवढाच.

टी टाइमला तिकडे आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली, त्यांना इंग्लिश थोडं समजतं पण बोलता येत नाही, मी मध्ये उभी राहून सांगत होते. म्हणलं बाबा, ह्यांनी हजारेंना बघितलंय, इथंच, शून्यावर चार असताना. बाबा आधी काही बोललेच नाहीत. टीव्हीचा आवाज बंद केला, चष्मा लावला आणि हात जोडून म्हणाले, साहेब, मी आयुष्यभर त्यांचं ऐकलंय, बघितलेला माणूस आज पहिल्यांदा भेटतोय, कसे दिसत होते ते सांगा. आणि आजोबा सांगायला लागले, टोपी, चाल, बॅट धरलेली, खांदे. अजिबात घाई नव्हती, म्हणाले, जणू बोर्डावर दोनशे लागलेत. बाबांनी सांगितलं की १९४८ ला अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या टीमविरुद्ध हजारेंनी दोन्ही इनिंगमध्ये शतक केलं होतं, ११६ आणि १४५. अ‍ॅडलेड म्हटल्यावर आजोबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, हजारेबरोबर दुसरा एक होता, ते दोघं बराच वेळ टिकले, त्याचं नाव मी कधीचं विसरलोय. बाबा तिकडून ताडकन बोलले, दत्तू फडकर, कोल्हापूरचा! शंभराच्या वर पार्टनरशिप झाली, हजारे ५६, फडकर ६४.

फड-कर. आजोबांना ड काही जमेना. बाबा सांगलीतून शिकवतायत, फ-ड-क-र, आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतायत.

मॅच आपण हरलो. पाच शतकं मारून हरलो, याचं दुःख वेगळंच. जेमी स्मिथने सिक्स मारून संपवली, रूट दुसऱ्या टोकाला ५३ वर नाबाद. सगळे नाचत होते आणि आजोबांनी टाळ्या वाजवल्या, पण जोरात नाही, माझ्याकडे बघत बघत.

परतीच्या ट्रेनमध्ये ते दमलेले. शिपलीच्या आसपास डोळे उघडून विचारलं, तुझी पाच वर्षं कधी होतात? म्हणलं २०२८. आणि दहा झाली तर? २०३३. त्यांनी बोटांवर मोजलं. मी एक्क्याण्णव असेन तेव्हा. पुढे काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, खासदाराला पत्र लिहायचंय, उद्या कागद काढून दे, माझं अक्षर आता कोणाला लागत नाही, मी सांगेन तू लिही.

घरी आल्यावर सूप दिलं, गोळ्या दिल्या, पाय बघितले, सुजले होते थोडे, उशीवर ठेवले. अ‍ॅपवर नोंद केली. निघताना त्यांनी मॅचचं स्कोअरकार्ड पुढे केलं आणि म्हणाले, मागे त्या कोल्हापूरवाल्याचं नाव लिहून दे, तुमच्या अक्षरात पण आणि माझ्या पण, सकाळी तू यायच्या आत मला पाठ करायचंय. मी लिहिलं, फडकर ६४. त्यांनी चष्मा लावून आधी आपल्या मराठी लिपीवरूनच बोट फिरवलं.