तुम्ही विचारलंत म्हणून: बॅस मासा धरायला एकच रॉड घ्यायचा तर कुठला?

मंडळाच्या गणपतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, एकदा तर मुलांच्या स्विमिंग क्लासबाहेर बाकावर बसले होते तिथेसुद्धा, मला हाच प्रश्न आला. "ताई, मुलगा मागे लागलाय, तळ्यावर जाऊन बॅस धरायचाय म्हणतो, एकच रॉड घ्यायचाय, फार महाग नको आणि सगळीकडे चालायला हवा, कुठला घेऊ?" आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला, इथे घरांच्या मागे ठिकठिकाणी तळी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच तळ्यांत लार्जमाऊथ बॅस हा मोठ्या तोंडाचा मासा आहे, संध्याकाळी फिरायला गेलं की काठावर कोणी ना कोणी रॉड घेऊन उभा असतोच, त्यामुळे पोरांना हौस वाटणार हे ओघाने आलंच.

उत्तर आधी देऊन टाकते. ७ फुटी स्पिनिंग रॉड, मीडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन, दोन तुकड्यांचा. त्याला २५०० साइझचं रीळ आणि ८ पौंडी मोनो लाईन, म्हणजे साधी एकपदरी नायलॉनची दोरी. रॉड ४०-५० डॉलरला मिळतो, रीळही साधारण तेवढ्यातच. अग्ली स्टिकचा जीएक्स२ घेतलात तर तुम्ही चुकणार नाही, माझा स्वतःचा तोच आहे, आणि मी कोणाची जाहिरात करत नाहीये, दुसऱ्या कंपनीचा याच मापाचा मिळाला तर तोही घ्या.

पण हेच माप का, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ते कळलं की दुकानात दोनशे रॉड उभे असले तरी तुमचे तुम्ही निवडाल.

कुठलाही रॉड हातात घ्या, मुठीच्या वर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. लांबी, पॉवर, अ‍ॅक्शन, किती पौंडाची लाईन, किती वजनाचा लुअर, म्हणजे खोटं आमिष. लोक रंग बघतात आणि ही ओळ वाचतच नाहीत! पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो वाकतो कुठे. माझं माहेर चिपळूणचं, तिथे बांबूची काठी शेंड्याला धरून ओढली की फक्त वरचा भाग वाकतो आणि बुंधा ताठ राहतो, ते म्हणजे फास्ट. ओली फोक मुठीपासून कमानीसारखी वाकते, ते म्हणजे स्लो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि दुकानातले लोकसुद्धा कधीकधी त्या एकात एक करून सांगतात.

आता लुअरचं वजन. लुअर लांब जातो तो काही नुसत्या आपल्या खांद्याच्या ताकदीने जात नाही. हात मागे नेऊन पुढे आणला की लुअरच्या वजनाने रॉड वाकतो आणि सरळ होताना तो लुअर भिरकावतो. वजन कमी पडलं तर रॉड वाकतच नाही, लुअर पायापाशी पडतो, आणि वजन जास्त झालं तर टोक मोडायची भीती. मीडियम रॉडवर बहुतेक वेळा पाव औंसापासून अर्धा-पाऊण औंसापर्यंत आकडा असतो, म्हणजे ७ ग्रॅमपासून १४-२१ ग्रॅमपर्यंत, आणि बॅससाठी नवा माणूस जे जे बांधतो ते जवळपास सगळं यात बसतं. सेंको नावाचा ५ इंची मऊ प्लास्टिकचा किडा १० ग्रॅमच्या आसपास, छोटा क्रँकबेट, स्पिनरबेट, पाण्यावर फुरफुरत येणारा पॉपर, सगळं चालतं. एकच रॉड म्हणता ना, मग तो मधलाच हवा.

स्पिनिंगच का तर रीळ खाली लटकतं, लाईन आपोआप सुटते, दहा वर्षांचं पोरही अर्ध्या तासात टाकायला शिकतं. टीव्हीवर बॅसच्या स्पर्धांत रीळ रॉडच्या वर बसवलेलं दिसतं ते बेटकास्टर, चांगलंच असतं, पण त्यात लाईन गुंडाळलेली फिरकी, म्हणजे स्पूल, अंगठ्याने दाबत दाबत टाकावं लागतं आणि जरा चुकलं की लाईनचा असा गुंता होतो की संध्याकाळ तो सोडवण्यात जाते. मी तिथूनच सुरुवात केली होती. एका मोठ्या दुकानातून रॉड आणि रीळ एकत्र मिळणारा स्वस्तातला बेटकास्टर सेट आणला, मीडियम हेवी, तेव्हा मला त्याचा अर्थही माहीत नव्हता. पहिला महिना गुंते. मग एकदा एप्रिलमध्ये खरंच चांगला मासा लागला, काठाजवळ येऊन त्याने पाण्यावर डोकं काढून झटका दिला आणि लाईन तुटली. घरी येऊन बघितलं तर रॉडवर लाईन ओवायच्या कड्या असतात त्यातल्या अगदी टोकाच्या कडीत जी गुळगुळीत सिरॅमिकची रिंग असते ती केव्हाच निघून पडलेली आणि लाईन रोज उघड्या धातूवर घासत होती. त्या माशाच्या तोंडात गरी राहिली याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आता मी कोणाबरोबर दुकानात गेले की पर्समध्ये कापूस असतो. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवायचा, धागा अडकला तर तिथे चीर आहे, तो रॉड ठेवून दुसरा घ्यायचा. कड्या मोजायच्या, साधारण जितके फूट तितक्या हव्यात. दोन तुकडे जोडून हलवून बघायचे, खडखड वाटता कामा नये. आणि जमलं तर दुकानदाराकडून रीळ लावून घेऊन मग हातात धरायचा, कारण नुसता रॉड कोणताही हलकाच वाटतो, रीळ लावल्यावर टोक खाली झुकत असेल तर दोन तासांनी मनगट बोलायला लागतं.

मटेरियलबद्दल फार गोंधळ आहे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन फायबर, हलका, हाताला बारीकसारीक सगळं कळतं, पण एखाद्या दगडावर आपटला की तडा जातो आणि पुढच्या माशाला मोडतो. फायबरग्लास जड आणि थोडा मुका, पण आपटलात, पाय दिलात तरी टिकतो. मुलं वापरणार असतील तर दोन्हींचं मिश्रण घ्या, मी वर सांगितलेला तसाच आहे. रॉडवर आयएम६, आयएम७ असे आकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात, ते हेक्सेल नावाच्या कंपनीच्या कार्बन धाग्यांचे नंबर आहेत, रॉडच्या दर्जाचे मार्क नव्हेत, त्यासाठी ४० डॉलर जास्त देऊ नका. आणि एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, ग्रॅफाइटमधून वीज वाहते. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे रॉड उभा करायचा नाही, आणि इथली वसंतातली वादळं तुम्हाला माहीतच आहेत, गडगडायला लागलं की मासा लागलेला असला तरी रॉड आडवा ठेवून गाडीत बसायचं.

मीडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शनचा खरा फायदा मात्र टोकात आहे. बॅस आमिषाला चावत नाही, तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो, आणि आवडलं नाही तर तसंच बाहेर थुंकतो, हे सगळं क्षणात होतं. सेंको हळूहळू तळाला जात असताना आपल्या हाताला येतं ते एक छोटंसं टिक, कोणीतरी नखाने टिचकी मारावी तसं, कधी तर तेही नाही, नुसती लाईन पाण्यावर बाजूला सरकायला लागते. टोक मऊ असेल तर ते कळतं, आणि खालचा भाग ताठ असेल तर गरी बसवता येते. मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवा, बाकी लांब टाकणं वगैरे येतं मागून.

हा रॉड घेतलात की बॅसपुरतं अडणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हाइट बॅस नद्यांतून वर चढतात तेव्हा छोटी जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याची गरी, बांधून हाच चालतो, तळ्यातला लहान चॅनेल कॅटफिश चालतो, गॅल्व्हस्टनला सुट्टीत गेलात तर तिथले स्पेकल्ड ट्राउट आणि मध्यम रेडफिशसुद्धा यावर मस्त येतात, फक्त खाऱ्या पाण्यातून आल्यावर रॉड-रीळ गोड्या पाण्याने धुवायचं, आळस करायचा नाही. चालणार नाही कुठे, तर दाट शेवाळावर रबरी बेडूक टाकायचा असेल तिथे, मोठ्या स्ट्राइपरला, म्हणजे पट्टेरी बॅसला, आणि ३० पौंडी कॅटफिशला. तिथे हेवी रॉड लागतो, आणि तो तुम्ही पुढे कधीतरी घ्यालच.

अजून खात्री नसेल तर घेऊच नका, आधी मागून वापरा. टेक्सासच्या बऱ्याच स्टेट पार्कांत रॉड आणि सामान उसनं मिळतं, आणि पार्कच्या आत काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. बाहेर लागतं, १७ वर्षांखालच्या मुलांना नाही लागत. लार्जमाऊथ ठेवायचा असेल तर तो सर्वसाधारणपणे निदान १४ इंच हवा आणि दिवसाला पाचच, पण लेक फोर्कसारख्या ठिकाणी नियम वेगळे आहेत, जायच्या आधी वाचून जा. मी स्वतः वसंतात धरलेला प्रत्येक मासा लगेच सोडते, कारण तेव्हा नर उथळ पाण्यात अंड्यांवर पहारा देत असतो, तो दोन मिनिटं बाजूला झाला तर ब्लूगिल नावाचे छोटे मासे येऊन घरटं साफ करतात.

आणि रॉड माशाने क्वचितच मोडतो हो, मोडतो तो गाडीच्या दारात आणि सीलिंग फॅनमध्ये. घरात आणायच्या आधी दोन तुकडे वेगळे करायची सवय लावा.

"गावी नेता येतो का?" हेही विचारतात. येतो, दोन तुकड्यांचा म्हणजे साडेतीन फुटांचा होतो, कडक नळीत घालून चेक-इन करायचा. गेल्या दिवाळीत मी नेला होता. माझे आजोबा वाशिष्ठीवर गरवायला बसायचे तेव्हा रॉड वगैरे काही नव्हतं, एका फळकुटावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गरी, आणि तो तंगूस तर्जनीवर घेऊन तासन् तास बसायचे, मासा नुसता चाटून गेला की खरंच खाल्लं हे त्यांना बोटाला कळायचं. बाबाही तसेच शिकले. आम्ही गोवळकोटच्या धक्क्यावर गेलो, नदीत मगरी आहेत म्हणून पाण्याजवळ न उतरता वरूनच कोलंबी लावून टाकली, आणि मी रॉड बाबांच्या हातात दिला. त्यांनी रीळ धरलंच नाही, सरळ पुढे हात नेऊन पहिल्या कडीपाशी लाईन बोटावर घेतली. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "चाटतोय," आणि जरा थांबून, "आता घेतलान." मी म्हटलं उचला, त्यांनी उचलला, टोक वाकलं, बुंधा ताठ राहिला. वीतभर शिंगाळा होता. त्याचा काटा लागू नये म्हणून बाबांनी रुमालात धरून गरी काढली, आणि मला म्हणाले, हा इथेच ठेवून जा.